हवेचा हिशेब टायरच्या अंगावर

१ मिनिट १९.१३८ सेकंद. २५ फेब्रुवारी २०२२ रोजी बार्सिलोनाजवळच्या मोंतमेलोच्या सर्किटवर फॉर्म्युला वनच्या हंगामपूर्व चाचणीचा तिसरा दिवस संपला, तेव्हा वेळेच्या तक्त्यात सर्वांत वर लुईस हॅमिल्टनच्या नावापुढे हा आकडा होता आणि त्याच्या खाली, एक दशांश सेकंदाहूनही कमी अंतराने, त्याच्याच मर्सिडीज संघाचा जॉर्ज रसेल. तक्ता पाहून कुणीही म्हणावे, यंदा मर्सिडीजला तोड नाही. प्रत्यक्षात २२ शर्यतींच्या त्या हंगामात मर्सिडीजचा पहिला विजय पाहायला नोव्हेंबर उजाडावा लागला; तोही साओ पावलोत, रसेलच्या हातून. हॅमिल्टनला तर कारकिर्दीत प्रथमच एक अख्खे वर्ष विजयावाचून काढावे लागले. घड्याळाची काही चूक नव्हती. त्या फेरीच्या वेळी टाकीत इंधन किती होते, इंजिनाला किती मोकळीक दिली होती, संघ नेमके काय तपासत होता, यांतले काहीच त्या तक्त्यात लिहिलेले नसते, एवढेच.

या तक्त्याच्या पलीकडे नजर गेली, की हंगामपूर्व चाचणी हा मोटार-शर्यतीच्या विश्वातला सर्वांत रसपूर्ण भाग वाटू लागतो. शर्यतीत आपल्याला निकाल दिसतो. चाचणीत त्या निकालाची कारणे उघड्यावर मांडून ठेवलेली असतात. पूर्वी संघ वर्षभर चाचण्या घेत. फेरारीचे तर फियोरानोला कारखान्याच्या शेजारीच स्वतःचे सर्किट. २००९ पासून हंगाम चालू असतानाच्या चाचण्यांवर बंदी आली आणि पुढे हिवाळ्यातले दिवसही आटत गेले. २०२२ मध्ये मोटारींचे नियमच मुळापासून बदलल्यामुळे सहा दिवस मिळाले: तीन बार्सिलोनात आणि तीन, १० ते १२ मार्चला, बहारीनमधल्या साखिरच्या सर्किटवर. त्यानंतर २०२३ ते २०२५ या तिन्ही वर्षी केवळ बहारीनचे तीन दिवस. शेकडो माणसांनी महिनोन्‌महिने संगणकावर आणि विंड टनेलमध्ये जे रचले, जोपासले, ते खऱ्या डांबरावर आणि खऱ्या वाऱ्यात पहिल्यांदा उतरते ते या मोजक्या तासांत. म्हणून आपणही घाई न करता, एकेका तपशिलापाशी थांबत, २०२२ चे ते सहा दिवस पाहूया.

पहिला तपशील रंगाचा. मोटार गॅरेजातून निघण्याच्या काही क्षण आधी एक मेकॅनिक पुढे येतो आणि पुढच्या विंगवर, कधी बाजूच्या फुगीर भागावर, कधी मागच्या विंगच्या पोटाशी एक झगझगीत हिरवा नाहीतर पिवळा द्रव फासतो. इतक्या देखण्या, लाखमोलाच्या यंत्राला कुणी असे का माखावे, असा प्रश्न प्रथम पाहणाऱ्याला पडतोच. हा द्रव म्हणजे पॅराफिनसारख्या हलक्या तेलात मिसळलेली चमकदार पूड. या रंगाला 'फ्लो-व्हिज' म्हणतात. चालक एक फेरी वेगात मारून परत येतो तोवर वाऱ्याने तो द्रव पृष्ठभागावरून ओढत नेलेला असतो, तेल उडून गेलेले असते आणि मागे उरतात त्या बारीक रेषा. एरवी अदृश्य असलेली हवा ज्या वाटेने गेली, ती वाट तिने स्वतःच काढून ठेवलेली असते.

त्या रेषांकडे जवळून पाहिले, तर प्रत्येकीची चाल निराळी. विंगच्या मध्यभागी त्या सरळ आणि समांतर धावतात. तिथे हवा पृष्ठभागाला बिलगून गेली आहे, अभियंत्याच्या मनासारखी. टोकाकडे त्या वळू लागतात, एकमेकींत गुंततात; तिथे मुद्दाम भोवरा निर्माण केलेला आहे, पुढच्या चाकाची घुसळलेली हवा बाजूला ढकलायला. आणि एखाद्या जागी रेषाच नसतात, नुसता रंग साचून डाग पडलेला असतो. त्या डागापाशी छायाचित्रे घेणाऱ्या संघाच्या माणसाचा चेहरा गंभीर होतो, कारण तिथे हवेने पृष्ठभागाचा हात सोडलेला आहे. संगणकाने वर्तवलेले चित्र एका बाजूला, हे रंगाचे चित्र दुसऱ्या बाजूला. दोन्ही जुळली तर कारखान्यातल्या साऱ्या गणितावर विश्वास ठेवता येतो, आणि नाही जुळली तर मोटारीचा दोष शोधण्याआधी गणिताचा दोष शोधावा लागतो. पाच मिनिटांच्या त्या रंगकामात एवढे काही पणाला लागलेले असते.

रंग पृष्ठभागाचे सांगतो. पृष्ठभागापासून दूर, मोकळ्या जागेत हवा काय करते हे सांगायला दुसरे साधन लागते. चाचणीच्या सकाळी काही मोटारी पुढच्या चाकांच्या मागे धातूच्या जाळीची मोठी चौकट बांधून फिरताना दिसतात. चौकटीवर रांगेने बसवलेल्या बारीक नळ्या, आणि मोटार सरळ रस्त्यावरही वेग न वाढवता एकाच गतीने चाललेली. शर्यतीच्या चाहत्याला यात पाहण्याजोगे काय, असे वाटेल. पण त्या नळ्यांचे कूळ पाहा: १७३२ मध्ये आंरी पितो या फ्रेंच अभियंत्याने सेन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजायला जी नळी वापरली, तिच्याच या वंशज. पॅरिसमधल्या नदीचे पाणी मोजणाऱ्या नळीने जवळजवळ तीनशे वर्षांनी शर्यतीच्या मोटारीभोवतालची हवा मोजावी, यात विज्ञानाच्या दीर्घ स्मरणशक्तीचा एक सुंदर प्रत्यय येतो.

आणि ही चौकट चाकाच्या मागेच का, याचे उत्तर आपल्याला विषयाच्या गाभ्याशी नेते. उघड्या चाकांच्या मोटारीत हवेला सर्वांत जास्त अडवते, फाडते, विस्कटते ते चाक. त्यातही टायर ही काही न हलणारी वस्तू नव्हे. वेग वाढला की हवेचा खालच्या दिशेचा दाब, म्हणजे डाउनफोर्स, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. टायर जमिनीपाशी दबतो, त्याच्या बाजूच्या भिंती फुगतात, वळणावर तो एका अंगाला कलतो, आणि तेवढ्याने त्याच्याभोवतीच्या हवेची वाट बदलते. म्हणून पिरेली ही कंपनी, जी २०११ पासून सर्व संघांना टायर पुरवते, विंड टनेलमधल्या छोट्या प्रतिकृतींसाठीही खास छोटे रबरी टायर बनवून देते. मूळच्या ६० टक्के आकाराचे, आणि खऱ्यासारखेच दबणारे. हवा टायरला दाबते आणि दबलेला टायर हवेला वळवतो. एरोडायनॅमिक्स आणि टायर ही संघाच्या कचेरीत दोन वेगळ्या खोल्यांतली खाती असतील. रस्त्यावर ती क्षणभरही वेगळी नसतात.

२०२२ मध्ये या नात्याची दोन्ही टोके एकदम बदलली होती. १३ इंची चाकांच्या जागी १८ इंची चाके आली, टायरच्या भिंती बुटक्या आणि ताठ झाल्या, त्यामुळे त्यांचे फुगणे-कलणे कमी झाले. आणि डाउनफोर्सचा मुख्य उगम विंगांकडून मोटारीच्या तळाकडे सरकला. तळाखाली पुढून मागे जाणारे दोन बोगदे. हवा त्यांच्या चिंचोळ्या भागातून जाताना वेग घेते, तिचा दाब घटतो आणि मोटार जमिनीकडे ओढली जाते. बर्नुलीने १७३८ मध्ये आणि व्हेंतुरीने १७९७ मध्ये प्रवाहांविषयी जे मांडले, तेच हे तत्त्व. शर्यतीतही ते नवे नव्हते. कॉलिन चॅपमनच्या लोटस संघाने १९७७ च्या लोटस ७८ मध्ये ते आणले, १९७८ मध्ये लोटस ७९ च्या बळावर मारियो आंद्रेत्ती विश्वविजेता झाला, आणि १९८३ पासून मोटारीचा तळ सपाटच हवा असा नियम येऊन ते पर्व मिटले.

मग बार्सिलोनाच्या पहिल्याच दिवशी ते दृश्य दिसले. लांब सरळ रस्त्याच्या अखेरीस, वेग सर्वोच्च असताना, मोटारी वर-खाली उसळू लागल्या. चालकांची शिरस्त्राणे थरथरताना दिसत होती, तळाखालून ठिणग्या उडत होत्या. आपण या उसळण्याचा एकेक क्षण वेगळा करून पाहूया, कारण त्यात मोठी गंमत आहे. वेग वाढतो, तळाखालची हवा मोटारीला खाली ओढते. मोटार खाली येते तशी फट आणखी अरुंद होते आणि ओढ आणखी वाढते. वाढता वाढता फट इतकी चिंचोळी होते की हवेला जायला वाटच उरत नाही, प्रवाह तुटतो, ओढ एकाएकी संपते, आणि दबलेल्या स्प्रिंगा मोटारीला वर उचलतात. वर येताच फट रुंदावते, प्रवाह पुन्हा जुळतो, ओढ पुन्हा सुरू. एका सेकंदात हे चक्र अनेकदा पुरे होते. ज्या गुणासाठी तो तळ घडवला, तोच गुण अतिरेकाला जाऊन स्वतःला मोडतो आणि लगेच स्वतःला सावरतो. याला 'पॉर्पॉइझिंग' म्हणतात, आणि सत्तरच्या दशकातल्या मंडळींना ते चांगले परिचयाचे होते.

मग कारखान्यांतल्या एवढ्या बुद्धिवंतांना ते आधी दिसले कसे नाही? उत्तर नियमांत आहे. विंड टनेलमधली प्रतिकृती ६० टक्क्यांहून मोठी चालत नाही आणि तिथला वारा सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटरच्या वर नेता येत नाही. उसळणे सुरू होते ते याच्या कितीतरी पुढच्या वेगाला. शिवाय दांड्यावर घट्ट धरलेली प्रतिकृती खऱ्या स्प्रिंगांवर खऱ्या मोटारीसारखी नाचत नाही. जे बंद खोलीत दिसणे शक्यच नव्हते, ते खऱ्या रस्त्यावर पहिल्या काही फेऱ्यांतच सर्वांना दिसले. मोटारींचा रचनाकार एड्रियन न्यूई याने साउदम्प्टन विद्यापीठात शिकतानाच तळाखालच्या हवेच्या या परिणामाचा अभ्यास केला होता. त्याच्या तेव्हाच्या रेड बुल संघाच्या मोटारीला हा उसळण्याचा त्रास तुलनेने कमी झाला, आणि त्या वर्षी २२ पैकी १७ शर्यती रेड बुलने जिंकल्या. इतरांनी तळाच्या कडा कापून पाहिल्या, मोटार उंच करून पाहिली, आणि बार्सिलोनानंतर तळाला आधार देणारी एक छोटी धातूची दांडी लावण्याची मुभाही मिळाली. पुढे त्याच वर्षी बेल्जियमच्या शर्यतीपासून उसळण्यावर मोजमापाची मर्यादा आली आणि २०२३ साठी तळाच्या कडा १५ मिलिमीटर वर उचलल्या गेल्या. फेब्रुवारीतल्या एका थंड सकाळी जे थरथरणे दिसले, त्याने पुढच्या वर्षीचा नियम लिहिला.

बहारीनच्या पहिल्या दिवशी, १० मार्चला, मर्सिडीजने आणखी एक नवल दाखवले. बार्सिलोनात फिरलेल्या मोटारीच्या दोन्ही बाजूंचा फुगीर भाग जवळजवळ नाहीसा झाला होता. मोटार कंबरेत इतकी बारीक की आरशाचे आधार उघड्यावर पसरलेले, आणि त्याखाली तळाचा रुंद पट्टा मोकळा. पाहताच मन हरखावे असा तो आकार होता. संगणकाच्या दृष्टीने त्यात भरपूर डाउनफोर्स दडलेला होता, पण तो मिळायचा मोटार जमिनीला अगदी लगटून धावली तर. आणि लगटून धावली की ती उसळायची. उंच करावी तर डाउनफोर्स हरवायचा. कागदावरचे सौंदर्य रस्त्यावरच्या चार-दोन मिलिमीटरांत अडकले होते. संघाने त्या आकाराला २०२३ च्या मे महिन्यात, मोनाकोच्या शर्यतीच्या वेळी निरोप दिला. तरीही त्या मोटारीची छायाचित्रे आजही पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटतात; फसलेल्या कल्पनेतही धाडसाची एक शोभा असते, आणि रसिकाने ती मोकळेपणाने मान्य करावी.

आता हवेकडून टायरकडे वळूया. धावून आलेली मोटार गॅरेजात शिरते, चाके उतरतात, आणि कॅमेरे मोटारीभोवती घोटाळत असताना टायरपाशी एक निराळेच, शांत काम सुरू होते. प्रत्येक संघाबरोबर पिरेलीचा एक अभियंता असतो. टायरमध्ये सुईसारखा तापमापक खुपसून आतल्या कडेचे, मधले आणि बाहेरच्या कडेचे तापमान घेतले जाते. तिन्ही आकडे जवळजवळ आले, तर टायर आपल्या पूर्ण रुंदीने काम करतो आहे असे समजायचे. नंतर कुणीतरी हातात गरम हवेचा झोत आणि पातळ पाते घेऊन बसतो आणि परतताना टायरला चिकटलेले उपरे रबर खरवडून काढतो. त्या थराखाली टायरचा खरा पृष्ठभाग उघडा पडतो, आणि त्यावरची बारीक भोके दिसू लागतात. रबर किती उरले ते त्या भोकांच्या खोलीवरून मोजतात. नुकतीच ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात धावून आलेली वस्तू कुणीतरी गुडघ्यावर ठेवून पात्याने तासतो आहे, हे दृश्य मला चाचणीतल्या कुठल्याही विक्रमी फेरीपेक्षा अधिक मोहक वाटते.

खरवडलेल्या टायरवर काय काय दिसते? कधी पृष्ठभाग एकसारखा, मखमली, किंचित चुरचुरीत. ही निकोप झीज. कधी त्यावर बारीक वळ्या उठलेल्या. कागदावर खोडरबर घासले की जशा वळकट्या सुटतात, तशाच, फक्त त्या गळून न पडता टायरलाच चिकटून राहिलेल्या. हे ग्रेनिंग. टायरचा वरचा थर थंड आणि कडक, आणि त्याच वेळी मोटार आडवी घसरते आहे, अशा वेळी रबर फाटते आणि त्या फाटलेल्या वळ्यांवर मोटार जणू तरंगत जाते. पकड जाते, वेळ वाढते. गंमत अशी, की चालकाने धीर धरला तर काही फेऱ्यांत या वळ्या झिजून पृष्ठभाग पुन्हा स्वच्छ होऊ शकतो आणि गेलेला वेग परत येतो. तिसरी खूण मात्र अशी माफ करणारी नसते. टायर आतून अति तापला की आतले रबर फसफसते, फोड येतात, ते फुटतात आणि जागोजागी खड्डे पडतात, हे ब्लिस्टरिंग. ग्रेनिंगचा उगम पृष्ठभागावरच्या थंडीत, ब्लिस्टरिंगचा पोटातल्या उष्णतेत. एकाच काळ्या वर्तुळावर उमटलेल्या या दोन खुणा दोन परस्परविरुद्ध कहाण्या सांगतात.

या खुणा किती गांभीर्याने वाचल्या जातात, याचे एक उदाहरण २०१८ चे. बार्सिलोनाच्या सर्किटवर त्या हिवाळ्यात नवे, गुळगुळीत डांबर पडले होते. चाचणीतला एक दिवस तर बर्फात गेला. २८ फेब्रुवारीला सर्किट पांढरे झाले होते. हवा निवळल्यावर मोटारी धावल्या तेव्हा त्या नव्या डांबरावर टायरांना फोड येऊ लागले. पिरेलीने ते पाहिले आणि बार्सिलोना, पॉल रिकार्ड आणि सिल्व्हरस्टोन या तीन शर्यतींसाठी टायरवरचा रबराचा थर ०.४ मिलिमीटरने पातळ केला. रबर पातळ, म्हणून आत साठणारी उष्णता कमी, म्हणून फोड कमी. अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी रबरात तीन देशांतल्या शर्यतींचे स्वरूप बदलण्याची शक्ती असते, हे कळल्यावर टायरकडे केवळ काळी चकती म्हणून पाहणे आपल्याला पुन्हा जमत नाही.

आणि टायर ज्यावर झिजतो, ते डांबरही तितकेच बोलके. मोंतमेलोच्या सर्किटवर तिसरे वळण उजवीकडे लांबच लांब वळत जाते. तेवढा सारा वेळ मोटारीचा भार डाव्या पुढच्या टायरवर. फेब्रुवारीतल्या थंडीत तिथे ग्रेनिंग पाहावे तर याच टायरवर. साखिरचा स्वभाव उलटा. तिथे मंद वळणांतून बाहेर पडताना वारंवार जोरात वेग घ्यावा लागतो, म्हणून मागचे टायर तापतात, थकतात. शिवाय त्या डांबरातली खडी खरखरीत. ती आली आहे इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातल्या बेस्टन हिलच्या खाणीतून. इंग्लंडमधल्या हिरव्या टेकडीचा दगड अरबस्तानच्या वाळवंटात अंथरलेला, आणि त्यावर इटालियन कंपनीचे रबर झिजते आहे! आजूबाजूची वाळू वाऱ्याने येऊन रस्त्यावर बसते, दुपारी डांबर भाजते, आणि संध्याकाळी दिवे लागले की तेच डांबर निवते. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच मोटारीने केलेल्या दुपारच्या आणि संध्याकाळच्या फेऱ्या शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. २०२२ मध्ये मॅक्लारेनची मोटार बार्सिलोनात फारशी उसळत नव्हती, सर्वांची वाहवा मिळवत होती; बहारीनच्या उष्णतेत तिचे पुढचे ब्रेक तापू लागले, आणि तिथल्या पहिल्या शर्यतीत तिचे दोन्ही चालक चौदाव्या आणि पंधराव्या क्रमांकावर आले.

या साऱ्याचे सार जिथे एकवटते, ते म्हणजे सलग फेऱ्यांच्या वेळांचा रुक्ष दिसणारा स्तंभ. समजा, बहारीनमध्ये एखादी मोटार भरल्या टाकीने निघते आणि पंधरा फेऱ्या सलग मारते, आणि पहिली व पंधरावी फेरी अगदी सारख्या वेळेत पुरी होते. वरवर पाहता काहीच घडले नाही. पण आपण थोडे गणित करूया. तिथली शर्यत ५७ फेऱ्यांची आणि २०२२ च्या नियमांनुसार इंधन जास्तीत जास्त ११० किलो. म्हणजे फेरीमागे दोन किलोच्या आसपास जळणार. दहा किलो वजन उतरले की एका फेरीत साधारण तीन दशांश सेकंद वाचतात, असा ढोबळ ठोकताळा आहे. मग पंधरा फेऱ्यांत मोटार जवळजवळ तीस किलोने हलकी होऊन सुमारे नऊ दशांश सेकंदांनी वेगवान व्हायला हवी होती. ती झाली नाही. याचा अर्थ टायरने तेवढेच नऊ दशांश खाल्ले. स्थिर दिसणाऱ्या त्या स्तंभात दोन प्रवाह एकमेकांविरुद्ध वाहत होते: एक हलके होत जाण्याचा, दुसरा झिजत जाण्याचा. आता त्याच वेळी दुसरी एखादी मोटार प्रत्येक फेरीला एक-दोन शतांशांनी सुधारत गेली, तर तिचे टायर कमी झिजले. पहिल्या फेरीत ती मागे असली तरी शर्यतीच्या लांब पल्ल्यात पुढे जाण्याची शक्यता तिचीच.

आणि तिचे टायर कमी झिजले ते का? इथे आपण पुन्हा हवेपाशी येतो. मोटारीवर हवेचा दाब पुरेसा आणि स्थिर असेल, तर टायर डांबराला धरून राहतो. तो कमी पडला, की टायर किंचित घसरतो. घसरला की तापतो. तापला की पकड आणखी सुटते आणि तो आणखी घसरतो. समोरच्या मोटारीने हवा विस्कटली तर हेच दुष्टचक्र वेगाने सुरू होते. फॉर्म्युला वनने प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार जुन्या मोटारी पुढच्या मोटारीच्या दहा मीटर मागे असताना ४६ टक्के डाउनफोर्स गमावत. २०२२ च्या मोटारींसाठी हा आकडा १८ टक्क्यांपर्यंत खाली येईल, असे सांगितले गेले. त्या नव्या तळाचा, नव्या चाकांचा हेतू अखेर हाच होता, की पाठलाग करणाऱ्याचे टायर जगावेत. म्हणजे पुढच्या विंगवरच्या हिरव्या रेषेतला एक डाग, तळाखालची एक तुटलेली लाट, आणि तिसऱ्या वळणावर डाव्या टायरवर उठलेल्या वळ्या, या तीन वेगळ्या गोष्टी नाहीतच; एकाच घटनेची ती तीन दर्शने आहेत. हवा जे काही करते, त्याचा जमाखर्च शेवटी रबरावर मांडला जातो, आणि चाचणीत तो आपल्याला वाचता येतो, हा या सहा दिवसांचा खरा आनंद.

बहारीनच्या चाचणीत सर्वांत वेगवान फेरी रेड बुलच्या मॅक्स व्हर्स्टापेनची होती, १ मिनिट ३१.७२० सेकंद; पण आठवड्याभराने, २० मार्चला, तिथलीच शर्यत जिंकली ती फेरारीच्या शार्ल लक्लेरने, आणि रेड बुलच्या दोन्ही मोटारी शेवटच्या काही फेऱ्यांत बंद पडल्या. तेव्हा अग्रस्थानाच्या नावाला फार भुलू नये. बहारीनच्या चाचणीचे सायंकाळचे सत्र आपल्याकडे रात्री साडेनऊच्या सुमारास संपते. जेवणे आटोपून ते निवांत पाहता येते. पुढच्या वेळी एक वही जवळ ठेवा. दिवे लागल्यानंतर एखाद्या मोटारीच्या सलग दहा-पंधरा फेऱ्या टिपून घ्या. फेरीमागे वेळ जितकी वाढली असेल तिच्यात, वरच्या हिशेबातले (पंधरा फेऱ्यांत नऊ दशांश) इंधनाचे फेरीमागचे सहा शतांश मिळवा. वेळ घटली असेल, तर त्या सहा शतांशांतून ती घट वजा करा. जे उरेल ती टायरची झीज, आणि ज्या संघाची ती सर्वांत कमी, त्याच्यावर वर्षभर लक्ष ठेवा.